मुक्या यंत्राची भूक

दिवा जळताना दिसतो, पंखा फिरताना दिसतो, गिरणीचा पट्टा तर लांबूनही ऐकू येतो. म्हणून त्यांना लागणाऱ्या विजेचा हिशेब माणसाच्या सहज ध्यानात राहतो. रेडिओची गोष्ट वेगळी आहे. त्याचा आवाज बारीक केला की तो निजला, अशी घरातल्या मंडळींची समजूत होते आणि घड्याळाशेजारच्या त्या लाकडी पेटीकडे मग कोणी पाहत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात ही समजूत अगदीच चुकीची होती. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीतील तार तापलेली असेल तरच रेडिओ कान देऊ शकतो. आणि ती तापविण्यासाठी लागणारी वीज गाणे चालू असो वा नसो, सारखीच लागते. घरगुती विजेवर चालणारा पाच व्हॉल्व्हचा साधा रेडिओ चाळीस ते साठ वॉट वीज घेई. पन्नास वॉट धरले तर वीस तासांत एक युनिट. आवाज शून्यावर आणला तरी त्यात फारशी बचत नसे. बोलण्याला वीज लागते हे सर्वांना कळते. ऐकत बसण्यालाही ती लागते, हे मात्र बिनतारी विद्येने माणसाला पुष्कळ उशिरा आणि काहीसे महागात शिकविले.

धारवाडचे नभोवाणी केंद्र 8 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. तो म्हैसूर राज्यात गेला 1 नोव्हेंबर 1956 रोजी. केंद्राची भाषा कानडी, परंतु त्याचा श्रोतृवर्ग एकाच भाषेचा कधीच नव्हता. बेळगावपासून मिरजेपर्यंतच्या मराठी घरांतूनही रात्रीच्या संगीतासाठी धारवाडवर काटा आणून ठेवलेला असे. मल्लिकार्जुन मन्सूर या केंद्राचे संगीत सल्लागार होते. हुबळीत राहणाऱ्या गंगूबाई हनगल आणि धारवाडचे बसवराज राजगुरू यांचे स्वर तेथून दूरवर जात. घरी मराठी बोलणारे आणि कानडीत थोर कवी झालेले द. रा. बेंद्रे 1956 नंतर याच केंद्राचे सल्लागार होते. इतके धन ज्या पेटीतून घरात येत होते ती पेटी कोणी वेळीच बंद केली नाही, तर त्याला फार दोष देता येणार नाही!

तरीपण वीज मुबलक नव्हती. हुबळीला वीज पुरविण्याचा परवाना आरंभी एका खासगी कंपनीकडे होता. तो मुंबई प्रांताच्या सरकारने काढून घेतला आणि त्यावरचा तंटा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कंपनीने कसूर केली आहे की नाही, याबाबतचे मत बनविण्याचा अधिकार सरकारचा आहे, असा त्या न्यायासनाचा कौल पडला. तो 1949 च्या निकालसंग्रहांत छापलेला असून प्रशासकीय कायद्याचे विद्यार्थी अजूनही वाचतात. एका लहानशा शहराच्या विजेचे भांडण इतक्या दूर पोचावे, यावरूनच त्या विजेचे मोल लक्षात येते. शरावतीच्या पाण्याची मोठी वीज या भागाला मिळू लागली ती 1960 नंतरच्या दशकात.

हे झाले शहराचे. कलघटगी, नवलगुंद, कुंदगोळ या बाजूंच्या खेड्यांत तारच पोचलेली नव्हती. तेथे रेडिओ आला तो बॅटरीवर, आणि मुक्या यंत्राची भूक खऱ्या अर्थाने कळली ती खेड्यालाच.

जुन्या बॅटरीच्या रेडिओला दोन प्रकारचे खाद्य लागे. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठी शिसे आणि आम्ल असलेला दोन व्होल्टचा संचायक घट, आणि व्हॉल्व्हच्या पट्टीला उंच दाब देण्यासाठी नव्वद ते एकशेवीस व्होल्टची कोरडी बॅटरी. कोरडी बॅटरी संपली की फेकून द्यावयाची. संचायक घट मात्र जेथे वीज असेल तेथे नेऊन पुन्हा भरून आणावा लागे. बैलगाडीतून किंवा मोटारीच्या टपावरून तो तालुक्याच्या गावी जाई, दोन-तीन दिवस तेथे पडून राही आणि परत येईपर्यंत गावचा रेडिओ मुका. घट हिसकला तर आम्ल सांडून धोतर जळे, ते निराळेच.

आता थोडे गणित करून पाहावे. घट चाळीस ॲम्पियर-तासांचा आहे आणि रेडिओ अर्धा ॲम्पियर घेतो, असे समजू. म्हणजे ऐंशी तासांची शिदोरी झाली. रोज दोन तासच रेडिओ लावला तर ती चाळीस दिवस पुरेल. पण कार्यक्रम संपल्यावर कोणी खटका मिटविला नाही, रेडिओ तसाच मुका उभा राहिला, तर सव्वातीन दिवसांत घट रिकामा! चाळीस दिवसांचे सव्वातीन दिवस. मधले सदतीस दिवस बाजारभाव नाही, पावसाचा अंदाज नाही, भजन नाही. पुन्हा असा तळापर्यंत रिकामा झालेला शिशाचा घट तसाच पडून राहिला तर त्याच्या पट्ट्यांवर कठीण पापुद्रा धरतो आणि पुढे तो पुरता भरत नाही. एका रात्रीच्या विसराळूपणाचा दंड गावाला असा पुष्कळ दिवस भरावा लागे.

हिंदुस्थानात ध्वनिक्षेपणाला रीतसर आरंभ झाला तो 23 जुलै 1927 रोजी मुंबईत. प्रक्षेपक दीड किलोवॉटचा होता, त्याचा पल्ला शहर आणि आसपासचा मुलूख एवढाच. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये. परवानेही दोन-अडीच वर्षांत आठ हजारांच्या वर गेले नाहीत, आणि ती खासगी कंपनी 1930 साली बुडून कारभार सरकारकडे आला. शहरातल्या हौशी मंडळींच्या जिवावर हा धंदा चालणार नाही हे तेव्हाच उघड झाले होते. त्याच सुमारास काहींच्या डोक्यात खेड्याचा विचार घोळू लागला. सी. एफ. स्ट्रिकलंड हे पंजाबातील सहकारी चळवळीत मुरलेले निवृत्त अधिकारी आणि कर्नल हार्डिंग यांनी ग्रामीण ध्वनिक्षेपणाचा हिरिरीने पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात भिवंडीच्या आसपास, सरहद्द प्रांतात पेशावरला, पुढे दिल्लीच्या भोवतालच्या खेड्यांत सार्वजनिक रेडिओ बसले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव 1936 साली पडले, त्या वेळी लायोनेल फील्डन हे ध्वनिक्षेपणाचे प्रमुख होते आणि ग्रामीण रेडिओचे त्रांगडे त्यांच्याही वाट्याला आले.

त्रांगडे होते ते मुख्यतः बॅटरीचेच. कार्यक्रम रोज ठरावीक तासाभराचा, पण रेडिओ सांभाळणारा माणूस त्या वेळी हजर असेलच असे नाही. असलाच तर कार्यक्रमानंतर तो रेडिओ मिटवील याची खात्री नाही. कित्येकदा तो दुसरेच एखादे केंद्र लावून मध्यरात्रीपर्यंत गाणी ऐकत बसेल. तेव्हा इंजिनिअरांनी एक युक्ती योजली. रेडिओ कुलूपबंद पेटीत ठेवावयाचा, त्याचा काटा एकाच केंद्रावर पक्का करावयाचा आणि त्याला एक घड्याळ जोडावयाचे. ठरलेल्या वेळी घड्याळच खटका लावील आणि कार्यक्रम संपताच घड्याळच तो मिटवील. दिल्लीच्या भोवतालच्या खेड्यांत असे स्वयंचलित खटक्याचे रेडिओ बसविण्यात आले. रिकाम्या वेळी बिनतारी यंत्राचे तोंड आपोआप मिटवून वीज वाचविण्याचा, आणि तोही पुष्कळशा यंत्रांचे एक जाळे मानून वाचविण्याचा, आपल्या देशातील हा बहुधा पहिलाच पद्धतशीर प्रयत्न असावा.

युक्ती नामी होती. पण तिच्यात एक गोम होती आणि इतिहासाच्या दृष्टीने तिलाच अधिक महत्त्व आहे. कुलपाची किल्ली गावाकडे नव्हती. रेडिओ केव्हा बोलावा, काय बोलावा आणि केव्हा गप्प बसावा हे दूरच्या कचेरीत ठरे. बॅटरी वाचविण्यासाठी बसविलेला खटका, गावाने भलतेसलते ऐकू नये या सरकारी काळजीलाही तितकाच सोयीचा होता. गावकऱ्याला खेरीज एक साधी अडचण होती. नदीला पूर येत आहे ही बातमी दुपारी आली, तर संध्याकाळपर्यंत निजलेल्या रेडिओला तिचा उपयोग काय? घड्याळाला वेळ कळते, प्रसंग कळत नाही.

नेमके उलट उदाहरण 1942 च्या मुंबईतले आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालले. ते थोडा वेळच बोले आणि मग गप्प होई, जागाही वरचेवर बदले. तेथे प्रश्न विजेचा नव्हता. चालू राहिलेला प्रक्षेपक शोधणाऱ्याला स्वतःचा पत्ता देत राहतो, म्हणून तेथे मौन हेच संरक्षण होते. खटका कोणाच्या हाती आहे यावर त्याचा अर्थ किती बदलतो हे यावरून दिसेल.

ऐकणाऱ्या यंत्राविषयी इतके झाले. बोलणाऱ्या यंत्राची भूक तर राक्षसी. मध्यम लहरींवरील प्रक्षेपक जी वाहक लहर सोडतो तिच्यावर आवाज स्वार झालेला असतो. आवाज कमाल मोठा असतानाही एकंदर शक्तीपैकी दोनतृतीयांश शक्ती या वाहक लहरीतच जाते. गवई दोन तानांमध्ये श्वास घेतो तेव्हा आवाज नाही, पण वाहक लहर पूर्ववत चालूच. धारवाडचा मध्यम लहरींवरील प्रक्षेपक पुढे 765 किलोहर्ट्झवर 200 किलोवॉटचा झाला. असा प्रक्षेपक तासभर नुसता मुका चालू राहिला तरी दोनशे युनिट आकाशात गेली. यंत्राचा स्वतःचा घसारा धरला तर विजेच्या मीटरवर त्याहून जास्त. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सभांची पद्धत नभोवाणीत रूढ झाली ती श्रोत्यांच्या दिनक्रमाकडे पाहून. परंतु मधल्या काळात प्रक्षेपकाला विसावा मिळे हेही काही थोडे नव्हे. मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहणाऱ्या वॉल्टर काउफमान यांची म्हणून ओळखली जाणारी ती आरंभीची धून वाजली, की घरोघर खटके लागत. ती धून म्हणजे एक प्रकारे साऱ्या मुलखाचे सामायिक घड्याळच होते. पुढे बोलण्यातील विरामांत वाहक लहरच आपोआप लहान करणारे प्रक्षेपक निघाले.

भारत स्वतंत्र झाल्यावर खेड्यातील खटका गावाच्या हाती आला. याचे चांगले उदाहरण पुण्याचे आहे. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले आणि 1956 च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तेथून युनेस्कोच्या साहाय्याने शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळाचे सभासद जमत, ऐकत, आणि रेडिओ मिटवून मग चर्चा करीत. रेडिओ मिटविणे हा येथे कार्यक्रमाचाच भाग होता. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचा जो अहवाल लिहिला तो 1959 साली युनेस्कोने प्रसिद्ध केला. धारवाड जिल्हा त्याच राज्यात असूनही या प्रयोगात नव्हता. भाषा निराळी, आणि त्याच वर्षाअखेर राज्यही निराळे झाले. श्रोतृमंडळांची योजना 1959 पासून देशभर पसरली हे खरे, पण पहिल्या प्रयोगात सीमेवरचे एखादे कानडी-मराठी गाव असते तर पुष्कळ शिकावयास मिळाले असते.

ट्रान्झिस्टरने हा सारा प्रश्नच काही काळ मिटविल्यासारखा केला. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला, 1954 साली पहिला खिशातला रेडिओ तेथे बाजारात आला आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तो आपल्याकडे शेताच्या बांधावर पोचला. तापविण्याची तारच नाही, म्हणून मुकेपणाची भूकही नाममात्र. दिव्याच्या बॅटरीतील साध्या सेलवर तो आठवडेच्या आठवडे चाले. रेडिओचा परवाना 1985 साली रद्द झाला त्या वेळी मुक्या रेडिओची वीज हा विषय कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

तो परत आला मोबाईलच्या पाठीवर बसून. भारतातील पहिले मोबाईल संभाषण 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. मोबाईलचे जाळे म्हणजे वस्तुतः हजारो लहान लहान नभोवाणी केंद्रे. फरक इतकाच की त्यांना सभा नाहीत. ती अहोरात्र जागी. यात गंमत अशी, की बचतीचा विचार प्रथम झाला तो ग्राहकाच्या हातातील यंत्रासाठी, कारण त्याची बॅटरी लहान. हातातला फोन सतत ऐकत नाही. तो ठरलेल्या क्षणी डोळे उघडतो, आपले नाव पुकारले आहे का पाहतो आणि पुन्हा डोळे मिटतो. वाय-फायचे 1997 चे पहिले मानक पाहिले तरी हीच तजवीज दिसते. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारा करतो, निजलेल्या यंत्राच्या नावाने आलेले टपाल जपून ठेवतो, आणि ते यंत्र जागे झाले की त्याच्या हवाली करतो. परगावी गेलेल्या माणसाची पत्रे पोस्टमास्तर ठेवतो तसेच हे. पण पोस्टमास्तरने स्वतः कधी निजावे याचा विचार पुष्कळ वर्षे कोणी केला नाही.

तो विचार बिलाने करविला. ग्रामीण भागात वीज गेली की मनोऱ्याखाली डिझेलचे इंजिन सुरू होई. दूरसंचार खात्याने 2012 साली फर्मान काढले, की ग्रामीण मनोऱ्यांपैकी निम्मे तरी 2015 पर्यंत सूर्यासारख्या अन्य ऊर्जेचा जोड घेऊन चालावेत. युरोपात त्याच सुमारास झालेल्या ‘अर्थ’ नावाच्या संशोधन प्रकल्पाने मोजून दाखविले, की मनोऱ्यावरील रेडिओ एकही संभाषण चालू नसताना देखील भर गर्दीच्या वेळच्या निम्म्याच्या आसपास वीज घेत राहतो. म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओचीच जुनी खोड! चौथ्या पिढीच्या जाळ्यात तर अडचण नियमातच होती. तेथे मनोऱ्याला दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदातून हजार वेळा, आपली खूण पाठवावी लागते. कोणी ऐको वा न ऐको. इतक्या वेळा हाक मारणाऱ्याला झोप कशी लागावी? पाचव्या पिढीत ही खूण सामान्यतः वीस मिलिसेकंदांनी एकदा पुरते, त्यामुळे मधल्या काळात यंत्राला डुलकी घेता येते. आता रात्री गर्दी ओसरली की एकाच मनोऱ्यावरच्या पाच-सात रेडिओंपैकी काही मिटविण्यात येतात, आणि सकाळी गर्दी वाढू लागली की पुन्हा लावण्यात येतात. ते काम संगणक करतो.

हुबळी-धारवाड हे आता महाविद्यालयांचे जोडशहर आहे. 1947 साली निघालेल्या भूमरेड्डी महाविद्यालयाचे आता विद्यापीठ झाले आहे आणि 2016 साली धारवाडला आय. आय. टी. आली. अशा एखाद्या मोठ्या विद्यालयात तीनशे राउटर आहेत असे धरू, प्रत्येकी दहा वॉटचे. रात्री दहा तास वर्ग रिकामे असताना ते मिटविले तर वर्षाला सुमारे अकरा हजार युनिट वाचतील. आकडा काही थक्क करणारा नाही, पण तो मिळविण्यास एका साध्या वेळापत्रकाखेरीज काही लागत नाही. आणि 2023 सालच्या दुष्काळात कर्नाटकात विजेचा तुटवडा पडला तेव्हा खेड्यांतील शेतीपंपांवर जी कात्री चालली, ती आठवली की अकरा हजार युनिट लहान वाटत नाहीत. ओस पडलेल्या वर्गाच्या छताला लुकलुकणारा हिरवा दिवा आणि कोरड्या विहिरीवरचा मुका पंप यांचे मीटर एकाच खात्याचे असते.

मात्र वसतिगृहाचे राउटर या हिशेबात धरता येत नाहीत, आणि दवाखान्याचे तर नाहीतच. नवलगुंदच्या काळ्या रानात एखाद्या वस्तीजवळ एकच मनोरा असतो. मध्यरात्री त्यावर एकही संभाषण नसते, तरी त्याचा शेवटचा रेडिओ मिटविता येत नाही. साप चावलेल्या माणसाच्या घरून 108 ला फोन लागतो तो अशाच वेळी. म्हणून जाळे चालविणारे वरचे, अधिक वेगाचे रेडिओ मिटवितात आणि सर्वांत लांब पोचणारा एक खालच्या लहरींचा रेडिओ जागा ठेवतात. कोणता रेडिओ रिकामा समजावा आणि कोणता राखणीला ठेवावा याचे मोजमाप रोज नव्याने करावे लागते. दिल्लीच्या पेटीतील घड्याळापाशी असे मोजमाप नव्हते.

अर्थात खटका पुन्हा एकदा दूरच्या कचेरीत गेला आहे. 1936 च्या गावकऱ्याला निदान कुलूप डोळ्यांनी दिसत होते. आजच्या ग्राहकाला रात्री वेग मंदावला एवढेच जाणवते. कोणता रेडिओ केव्हा मिटविला याचा फलक कोठे लागत नाही. कंपन्यांनी हे वेळापत्रक तालुकावार जाहीर केले, तर त्यांचे काही बिघडण्यासारखे नाही. नभोवाणी आपल्या सभांच्या वेळा नित्य वृत्तपत्रांतून छापीत असे.